माझा डावा दांडा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला भंगारवाल्याची आठवण आली तरी मी रागावणार नाही. मी गोळ्या पाडणारे एक जुने हातयंत्र आहे. माझ्या साच्यात पूड भरायची, दांडा ओढायचा, की टणक गोळी बाहेर पडते. माझे तारुण्य एका लहानशा औषधांच्या कारखान्यात गेले. तापाच्या, खोकल्याच्या किती गोळ्या पाडल्या, त्याला गणतीच नाही. मग विजेवर चालणारी यंत्रे आली आणि माझी रवानगी गोदामात झाली. अंगावर गंज चढला, डोक्यावर रिकामी खोकी.

तिथून मला यंत्रे दुरुस्त करणाऱ्या फिटरकाकांनी एका संस्थेत आणले. इथे अपंग प्रौढ माणसे राहतात आणि काम करतात. पूर्वी ती मेणबत्त्या करीत. लोक दयेपोटी त्या विकत घेत आणि कपाटात टाकून देत. पुढे जवळच एक प्रकल्प उभा राहिला. तिथे पिकांच्या काड्या आणि लाकडाचा भुसा तापवून हायड्रोजन वायू काढतात. त्या भट्टीत उत्प्रेरकाच्या गोळ्या लागतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता दुसऱ्या पदार्थांमध्ये झटपट बदल घडवून आणणारा पदार्थ. त्या गोळ्यांचे काम संस्थेला मिळाले आणि माझे नशीब उघडले.

माझ्यापुढे बसण्याचा हट्ट धरला अक्काने. वय चाळिशीचे, उजवा हात लहानपणापासून लुळा, बोलणे सावकाश. आणि माझा दांडा नेमका उजवीकडे!

देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही आपले गोळ्यांचे डबे भरा ना. हे जड आहे."

"डबे... बाकीचे भरतील. मला... हेच हवंय."

फिटरकाकांनी डोके खाजवले. "मग काय, यंत्राचीच बाजू बदलतो!"

दांडा डावीकडे आला, चांगला हातभर लांब झाला. या वयात माझी शस्त्रक्रिया झाली, मित्रांनो!

पहिल्या गोळ्यांचा चुरा झाला. त्यानंतरची खेप प्रकल्पातून परत आली, भट्टीत ती टिकलीच नाही. पुढची खेपही बिघडली तर काम दुसरीकडे जाणार होते. ती खेप पाडायला घेतली, नेमका त्याच दिवशी अक्काचा धाकटा भाऊ आला. त्याने तिला आजवर तळहाताच्या फोडासारखे जपले होते, पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. घामाघूम बहीण पाहून तो बाईंवर भडकला.

"माझ्या बहिणीला राबवून घेता? अक्का, ऊठ. घरी चल."

अक्काने दांडा सोडला नाही. "मला कुणी... राबवत नाही रे. मी राबते. तू राबतोस ना... तसंच."

"आणि गोळ्या पुन्हा परत आल्या तर?" भावाने विचारले.

"तर... पुन्हा पाडीन."

भाऊ खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि संध्याकाळपर्यंत तिचे काम पाहत राहिला.

मग प्रकल्पातल्या रसायनतज्ज्ञ बाई स्वतः आल्या. त्यांनी पुडीत चिकट माती थोडी वाढवली. अक्काने दांडा एकदा ओढून न सोडता दाबून धरायला सुरुवात केली. माझे सांधे करकरत होते, पण गोळ्या अशा पडल्या की आपटल्या तरी फुटेनात!

त्या गोळ्या प्रकल्पाच्या भट्टीत गेल्या आणि काही आठवड्यांनी ती थंड करून उघडली, तेव्हा सगळ्यांना तिकडे नेले. मी अर्थातच इथेच राहिलो. परत आल्यावर सगळे एकदम बोलत होते, त्यातून मला कळले ते असे: गोळ्या अखंड निघाल्या. रसायनतज्ज्ञ बाईंनी त्यातली एक अक्काच्या डाव्या हातावर ठेवली. भाऊही मुद्दाम रजा टाकून आला होता. फाटकावरच्या रखवालदाराने त्याला हटकले, "तुम्ही कोण?"

तो छाती फुगवून म्हणाला, "गोळ्या पाडणाऱ्या अक्कांचा भाऊ!"

मित्रांनो, कोपऱ्यात पडलेले जुने यंत्र दिसले, तर तेल घालून एकदा चालवून पाहा. आणि घरात कुणाला जपत असाल, तर जरूर जपा. फक्त त्याला काय करायचे आहे, ते आधी त्यालाच विचारा.