मोळीचं दुखणं

आईच्या वर्षश्राद्धाला बायनाबाई काकू ऊसतोडीच्या फडावरून आल्या त्या भिंतीला धरूनच. गेल्या हंगामात आईही त्यांच्याच टोळीत होती. पंगत उठली तरी काकूंनी पानाला हात लावला नव्हता. बाहेर त्यांचे यजमान राधाकिशनकाका जीपपाशी थांबले होते. टोळीच्या मुकादमाने दोघांना संध्याकाळपर्यंत परत बोलावलं होतं.

मी काकूंच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. त्या म्हणाल्या, काही नाही, मोळीचं दुखणं आहे. उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवणाऱ्या बाईचं अंग ठणकतंच. शिरूरकडे त्याला हेच नाव. तेल चोळायचं आणि निजायचं.

आई गेल्यापासून मी फ्लूविषयी बरंच वाचलं होतं. काय विचारायचं ते मला माहीत होतं. मोळीचं दुखणं खांद्यात, कमरेत बसतं आणि झोपेने उतरतं. त्याने घसा धरत नाही, कोरडा खोकला येत नाही. काकूंचा घसा बसला होता आणि त्या मधूनमधून खोकत होत्या. शिवाय ते हळूहळू चढतं. हे कसं आलं, मी विचारलं.

"काल दुपारपर्यंत चांगली हुते. मोळी उचलली आन् एकदमच हुडहुडी भरली. डोळ्यामागं लई ठणकतंय."

"हा फ्लू दिसतोय, काकू. तुम्हाला शुगर आहे. छातीत उतरायच्या आधी, आजच दवाखान्यात जायचं."

"मोळीचंच हाय म्हणते ना." त्यांनी तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला बी असंच झालतं. मीच तेल चोळलं. मीच म्हणले, नीज, सकाळी उतरंल."

त्या कशाला अडून बसल्या होत्या ते आता कळलं. हा फ्लू असेल, तर आईलाही फ्लूच झाला होता.

"तो फ्लूच होता," मी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. शेवटी तिच्या अंगाला तुमचा हात लागला, याचं मला बरंच वाटतं. आता उठा."

त्या उठल्या. नाकातोंडावर पदर घट्ट बांधला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, वेळेत आलात म्हणाले. गोळ्या दिल्या, पडून राहायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दम लागला तर तडक परत या, म्हणाले.

बाहेर येताच काकूंनी काकांना मुकादमाला फोन लावायला सांगितलं. फडावर शेजारच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, राहणारी छबुबाई काल अशीच कुडकुडत होती. तिला आधी दवाखान्यात न्या, असं त्याला सांगायचं होतं. काका घुटमळले. मुकादम ऐकायचा नाही, म्हणाले.

"तुमी असं भीत भीत बोलायला लागलात की त्यालाच जोर चढतोय," काकू म्हणाल्या. "द्या फोन हिकडं."