माणूसपकड

आमच्या खेळात हत्यार निवडताना माणूस खरा कळतो. सोयरीक जुळवणाऱ्यांनी दहा ठिकाणी चौकश्या करण्यापेक्षा मुलाला एकदा आमच्या टेबलावर बसवावं, असं माझं जुनं मत आहे.

बेकरीवाल्यानं पहिल्याच दिवशी दुधारी कुऱ्हाड उचलली. आठवडाभर पीठ मळणारा माणूस, रविवारी त्याला काहीतरी फोडायचं असतं. मी घेतली तलवारमोड, म्हणजे कंगव्यासारखे दात असलेली कट्यार. समोरच्याचं पातं त्या दातांत अडकवायचं आणि मनगट पिळून मोडायचं. माझ्या हातून आजवर एकही तलवार मोडलेली नाही, पण आपल्याला दात आहेत हे समाधान काही कमी नाही. लिफ्टवाल्याची कंदील-ढाल. ढालीच्या पोटात दिवा आणि वर झाकण. अंधारात शत्रू जवळ आला की झाकण उघडून त्याचे डोळे दिपवायचे. लिफ्टच्या काळोख्या विहिरीत उतरून दोर तपासण्यात ज्याचं आयुष्य चाललंय, तो दुसरं काय मागणार?

आणि ताईनं घेतली माणूसपकड.

चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, रविवारी दुपारी पुढचं शटर खाली ओढलं की आम्ही पाचजण बसतो. चष्मेवाला आमचा सूत्रधार. किल्ले, दलदली, राक्षस हे सगळं त्याच्या डोक्यातलं. समोर काय आहे ते तो सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ताई ही त्याची थोरली बहीण. काचा घासून चौकटीत बसवायचं काम तिचं. वडील गेल्यापासून दुकान आणि घर दोन्ही तिच्या हातांवर उभं आहे. सगळ्याच गोष्टी तिच्याकडून वेळेवर होत गेल्यामुळे तिच्या लग्नाचं बघायला हवं, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. कामाच्या माणसाचं असंच होतं.

माणूसपकड हे नियमांच्या पुस्तकातल्या शेवटच्या पानावरचं हत्यार. त्या पानावर कुणी जात नाही. लांब दांडा, टोकाला लोखंडी कडं, कड्याला पुढून फट आणि आत काटे. घोडेस्वाराच्या मानेवर नेमकं ढकललं की फट उघडते, मान आत जाते आणि फट मिटते. मग त्याला जिवंत खाली ओढायचं. मारता येत नाही, फक्त धरता येतं. आणि सोडवायची कळ दांड्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे धरणाऱ्याच्या हातात.

“हे हत्यार आहे की कुत्री पकडायची गाडी?” बेकरीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तुझी कुऱ्हाड चालली की खाली तुकडे उरतात,” ताई म्हणाली. “त्यांच्याशी बोलायचं कसं?”

पण ताईचा फासा नेहमी खालचे आकडे दाखवायचा. तिनं आजवर पकडलं काय, तर एक शेळी आणि चुकून आमचाच वाटाड्या.

आता एक गोष्ट, जी टेबलावर फक्त माझ्या नजरेत भरली होती असं मला वाटतं. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. चष्मेवाल्याची ती ताईच, बेकरीवाला तिच्याहून मोठा असूनही ताई म्हणतो, आणि मीही. लिफ्टवाला तिला कधी ताई म्हणाला नाही. नावानंही हाक मारली नाही. “जरा तो फासा इकडे देता का,” “तुमचा चहा गार होतोय,” अशी बिनहाकेची वाक्यं त्यानं कित्येक वर्षं जुळवली. मराठीत हे किती कष्टाचं काम आहे ते करून बघा. ताई म्हटलं की एक दार कायमचं बंद होतं. त्यानं ते बंद केलं नाही, आणि उघडलंही नाही. दारात उभं राहण्यात काही माणसं फार पटाईत असतात.

मग त्याची बदली झाली. कंपनी समुद्रापलीकडच्या शहरात उंच इमारती बांधत होती, तिथल्या लिफ्ट बसवायच्या होत्या. “येत्या रविवारी शेवटचं,” त्यानं पेल्यात बघत सांगितलं. ताई उठली आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढून आणला. टेबलावर एक डबा आधीच उघडा होता.

आमच्याकडे जाणाऱ्याला एक रीत पाळावी लागते: त्यानं आपल्या पात्राला गोष्टीतून नीट बाहेर काढायचं. हवं तर मारायचं, नाहीतर वेशीबाहेर पाठवायचं. हा नियम एका शिंप्यामुळे झाला. तो लग्न झाल्यावर यायचाच बंद झाला, आणि त्याचा जादूगार खाणावळीत प्याला उचललेल्या हातानं तसाच राहिला. आम्ही त्याच्यावरून धूळ झटकून थकलो.

शेवटच्या रविवारी लिफ्टवाल्याचा सरदार किल्ल्याच्या पुलावर आला. खाली खंदक, पलीकडे जंगल. चष्मेवाल्यानं आवाज जरा जड केला. “ढालीतला दिवा पेटवून तू पुलावर पाऊल ठेवतोस. कुणाला काही करायचंय?”

हे विचारायचं म्हणून विचारलेलं होतं. बेकरीवाल्यानं कुऱ्हाड उंचावून सलामी दिली. मी पाठीवर थाप मारली.

“मी त्याला धरते,” ताई म्हणाली.

“काय धरतेस?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“मान. माणूसपकडीनं.”

“अहो ताई, तो आपल्यातला!” बेकरीवाला म्हणाला.

“नियमात कुठं लिहिलंय की आपल्यातल्याला धरू नये?”

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं फासा टाकला. आयुष्यभर खालच्या आकड्यांवर लोळणारा तो फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि विसावर थांबला.

कडं बसलं. चष्मेवाला बहिणीकडे बघत राहिला. राक्षस आणि भुयारं चुटकीसरशी उभी करणाऱ्या त्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. शेवटी नियमांनीच त्याला हात दिला. “तुला ओढ घेता येईल,” तो लिफ्टवाल्याला म्हणाला. “दर डावाला एकदा तो तुझा हक्क आहे. सुटलास तर मोकळा, नाही सुटलास तर काटे लागतील.”

लिफ्टवाल्यानं फासा उचलला. तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला, मग वरच्या खिशात टाकला. “गाडीची वेळ झाली,” तो म्हणाला. “हे राहू दे असंच.”

आणि गेला. ताई पाठमोरी होऊन कप विसळत होती. सगळे कप आधीच विसळलेले होते.

त्यानंतर दर रविवारी चष्मेवाला एकेकाला विचारायचा आणि तिची पाळी आली की ती म्हणायची, “धरून आहे.”

माणूसपकडीला दोन्ही हात लागतात. ते अडकले की लढता येत नाही, खाता येत नाही, आपल्या माणसांमागे जाताही येत नाही. आम्ही दलदलीत उतरलो आणि ताई पुलावर राहिली. पाणघोड्याएवढ्या बेडकानं बेकरीवाल्याला अर्धा गिळला, तेव्हाही ताई पुलावरच. जमाखर्च मांडला तर धरलेल्याचं फारसं जात नव्हतं, तो तर तिकडे नव्या शहरात हिंडत-फिरत होता. जात होतं ते धरणारीचं.

“धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” बेकरीवाला कुरकुरला. “ताई, एकदाचं काय ते करा. मी बेडकाच्या पोटात आहे.”

“मग आतून काप की. कुऱ्हाड कशाला आहे?”

तिला थेट विचारायची भावाची हिंमत नव्हती. माझ्यात होती, पण विचारून काय मिळालं असतं? मला उत्तर माहीत होतं आणि तिलाही.

शेवटी एका रविवारी बेकरीवाल्यानं फोन काढला, कुणी अडवायच्या आत नंबर लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडून ठोकाठोक ऐकू आली. लोखंडावर लोखंड.

“कोण? जरा जोरात बोला, मी लिफ्टच्या विहिरीत आहे.”

“अरे शहाण्या, तू विहिरीत नाहीस, तू पुलावर आहेस!” बेकरीवाला ओरडला. “अजून!”

ठोकाठोक थांबली. “माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“सोडलं असतं तर तुम्ही कळवलं असतंत ना.”

ताईनं हात मांडीवर घेतले. चष्मेवाला खाकरला आणि सूत्रधाराच्या आवाजात म्हणाला, “तुझ्या बऱ्याच ओढी शिल्लक आहेत. फासा आहे जवळ?”

“खिशात आहे.”

“मग टाकतोस?”

“नको.”

“नको म्हणजे काय?” बेकरीवाला म्हणाला. “काटे आहेत तुझ्या मानेत!”

“न ओढलं तर टोचत नाहीत,” लिफ्टवाला म्हणाला.

बेकरीवाल्यानं हातातलं बिस्कीट न खाता परत डब्यात ठेवलं. हे मी प्रथमच पाहिलं.

ताई फोनकडे झुकली. “परत येणं कधी?”

“इथलं संपलं की दुसरीकडे पाठवणार आहेत. तिकडे येणं…” तो थांबला. “नाही दिसत.”

“माझे हात भरून आलेत हो,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, काच नीट बसली की नाही ते सांगतानाचा. “तुम्ही ओढलं असतंत तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, गेला ओढून.”

“म्हणूनच नाही ओढलं.”

“मग मीच सोडायचं?”

“कळ तुमच्या हातात आहे.”

कुणीतरी तिकडे त्याला हाक मारत होतं. त्यानं ओ दिली नाही. ताईनं डोळे मिटले नाहीत की उसासा टाकला नाही. टेबलाखाली तिचा अंगठा मात्र खरोखर दाबला गेला, हे मी बघितलं.

“दाबली कळ.”

“कडं उघडतं,” चष्मेवाला हळूच म्हणाला. “तू मोकळा आहेस. समोर जंगल आहे. काय करतोस?”

लिफ्टवाल्याला पुन्हा हाक आली, आता जवळून. “आलो, आलो,” तो तिकडे म्हणाला आणि मग आम्हाला, “निघतो मी. पूल ओलांडून पलीकडे जातो. ढाल त्यांच्यापाशी ठेवा. झाकण उघडं असू दे.”

फोन बंद झाला. चष्मेवाल्यानं बहिणीकडे बघितलं. तिचा डाव होता.

“दिवा चांगला लांबवर पडत असेल ना रे?” तिनं विचारलं.

“जंगलाच्या कडेपर्यंत पडतो.”

“मग तेवढा दिसेपर्यंत उभी राहते,” ताई म्हणाली. “नंतर येते दलदलीत.”