बांबू धरणारा

ज्ञानूने दोन्ही बांबूंची टोकं मुठीत घेतली आणि खालच्या फळीवर आपटली. दोनदा फळीवर, एकदा एकमेकांवर. ठक ठक, चाप. ठक ठक, चाप. पलीकडच्या टोकाला गावकमिटीचा अध्यक्ष शिवतेज बसला होता. त्याच्या गुडघ्यांना रग लागली होती, पण बांबू धरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. प्रत्येकाला आपलं पोर नाचायला हवं होतं. मधे ज्ञानूची नात नमिता बांबूंच्या आत-बाहेर पाय टाकत होती.

"आजा, पायाकडं बघू नको. तूच सांगितलंस ना?"

ज्ञानूने मान वळवली. नियम डॅनिलोचा होता. बांबू धरणाऱ्याने नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही. बघितलं की दया येते, दया आली की हात अडखळतो, आणि हात अडखळला की समोरच्याचा घोटा जातो.

डॅनिलो बोटीवर फिटर होता, फिलिपिन्समधल्या लेयते बेटावरचा. ज्ञानू तिथेच इंजिनावर मोटरमन. अकरा वर्षं दोघांनी एकाच इंजिनरूममध्ये घाम गाळला. रविवारी दुपारी डेकवर डॅनिलो एका खलाशाला समोर बसवून दोन पाइप धरायचा आणि ज्ञानूला नाचवायचा. भातशेतातला एक पक्षी सापळ्यांतून पाय उचलत पळतो, त्याचा हा नाच. ज्ञानूला जास्त सांगावं लागलं नाही. त्याच्याही खाचरात पाणकोंबडी अशीच चालायची. खाचर होतं तेव्हा.

शेवटच्या बंदरावर उतरताना डॅनिलो म्हणाला होता, गावी जाऊन शिकव सगळ्यांना. फक्त सांग, लेयतेचा आहे. ज्ञानूने छातीवर हात ठेवून 'प्रॉमिस' म्हटलं होतं.

"काका, स्पर्धेच्या अर्जात मी 'आगरी समाजाचं पारंपरिक बांबूनृत्य' लिवलंय हां," शिवतेज घाम पुसत म्हणाला.

ज्ञानूचे हात थांबले. "अरे, पन ते त्यांचं हाय."

"कोनाचं? तुमच्या त्या फिलिपिनोचं? तो येनार हाय का बेलापूरला बघायला? स्पर्धा लोककलेची हाय, काका. फॉरेनचं बोललो तर गेटवरूनच परत पाठवतील."

"मंग दुसरं काय तरी करू."

"दुसरं काय हाय आपल्याकडं? गाव तरी राहिलंय का? टॉवरच्या मधी एक गल्ली हाय. ज्यांच्या जमिनीवर टॉवर उभा हाय, त्यांनाच वॉचमन विचारतो, कुटं जायचंय. बसस्टॉपवर पन सेक्टरचा नंबर. एकदा तरी माईकवरून गावाचं नाव घेऊ दे ना कोनी."

ज्ञानूने बांबू फळीवर टेकवले. शिवतेज खोटारडा होता, पण यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

देवळाच्या ओट्यावर चांगुणाबाई पाय सोडून बसली होती. पूर्वी गावातलं एकही लग्न तिच्या धवल्यांशिवाय, त्या लग्नगीतांशिवाय, लागत नसे. आता लग्नात डीजे असतो आणि धवलारणीला जेवायला बोलावतात, तेही आठवलं तर.

"लोककला पायजे ना रं शिवतेज? मंग मी मेले काय? दोनशे धवले हायत माज्या डोक्यान. एक तरी पोर आली शिकाला?"

"आजी, धवल्याला स्टेजवर उठाव नाय येत. लोक झोपतील."

"झोपू दे. लग्नान पन झोपायची." मग ती ज्ञानूकडे वळली. "आनि तुजा आजा मिठागरान मीठ ओढायचा रं. बांबूवर नाचला कवा तो?"

सगळे हसले. ज्ञानूही हसला. चांगुणाबाईच तेवढी हसली नाही.

बेलापूरच्या मैदानावर संध्याकाळी पोरी नाचल्या आणि लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. शेवटी ठेका इतका वाढला की नमिताचे पाय दिसेनासे झाले. ज्ञानूने एकदाही तिकडे बघितलं नाही. नाच संपला आणि निवेदकाने गावाचं नाव घेतलं. सेक्टर नाही, नंबर नाही, आज्या-पणज्यांनी घेतलेलं नाव. मागून शिट्ट्या आल्या. पलीकडच्या टोकाला शिवतेज रडत होता, लहान पोरासारखा.

निवेदक ज्ञानूपाशी वाकला. "आजोबा, ही परंपरा तुमच्याकडे आली कुठून?"

माईक तोंडासमोर होता. ज्ञानू अजून गुडघ्यांवर होता, बांबू हातात. लेयते हा शब्द केवढा? सांगायला श्वासही पुरा लागला नसता.

"माज्या आज्यानं शिकवलं," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. दोन बांबूंच्या मधे उभी असलेली नमिता धापा टाकत त्याच्याकडे बघत होती. ज्ञानूने नजर फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर स्पर्धेत मिळालेली ढाल ठेवून लोक फोटो काढत होते. शिवतेजने रात्रीच फेसबुकवर व्हिडिओ टाकला होता, सोबत ज्ञानूचं नाव जोडून. दहाच्या सुमारास ज्ञानूच्या फोनवर डॅनिलोचा व्हॉइस मेसेज आला. ज्ञानूला आता फोनवरचं नीट ऐकू येत नसे, म्हणून नमिताने तो घरात नेऊन पुन्हा लावला आणि वाक्यावाक्याला थांबवून सांगत गेली.

"तो म्हणतोय, व्हिडिओ बघितला. त्याच्या आईला दाखवला, ती चौऱ्याऐंशीची आहे. तिने सगळी आळी गोळा केली... म्हणतोय, तुमची भाषा नाय कळली. पण तू माईकवर काहीतरी बोललास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रडली. ती विचारतेय, त्यानं तेव्हा लेयतेचं नाव घेतलं ना?" नमिता थांबली. "तो तिला म्हणाला, घेतलंच असणार. ज्ञानूनं प्रॉमिस केलं होतं."

बाहेर कोणीतरी ओरडलं, "काकांना बोलवा रे, फोटोला!"

"काय लिहू, आजा?"

ज्ञानूने दारातून ओट्याला टेकवलेल्या बांबूंकडे बघितलं. ठेक्याने त्यांची टोकं चिरली होती.

"लिव, येस."

नमिताने मान खाली घातली आणि लिहायला लागली. 'येस'ला तीन अक्षरं लागतात, एवढं इंग्रजी ज्ञानूला बोटीवर आलं होतं. तिचा अंगठा तीन अक्षरांवर थांबला नाही. चालतच राहिला.

चष्मा ज्ञानूच्या खिशात होता. हात खिशापर्यंत गेला, वरूनच चष्मा चाचपला आणि तिथेच राहिला. सरावाला वळवायचा तशी त्याने मान दुसरीकडे वळवली.

"पाठवलं," नमिता म्हणाली.

मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या. पलीकडून काही आलं नाही.