दोन्ही बाह्या उजव्या

आमच्या ह्यांचा जन्म शिवणकामात गेला, पण एकाच सदऱ्याच्या दोन्ही बाह्या उजव्या त्यांनी कधी कापल्या नव्हत्या. त्या दिवशी कापल्या. वर मलाच म्हणाले, "डावी तूच कुठंतरी टाकलीस."

मी काजं-बटणं करते. कात्रीला हात लावत नाही.

आधी तोंडाचा वास घेतला. दारू नव्हती. मग माझी नजर सुनेवर गेली. हृदयाच्या दुखण्यापासून ह्यांच्या गोळ्या तिच्या ताब्यात. हल्ली हे डोकं धरून बसायचे, दिवसा पेंगायचे, डावा पाय घासत चालायचे. आणि दुकान ह्यांच्या नावावर. शाळा फार शिकले नसले, तरी पाणी कुठं मुरतंय ते मला कळतं.

"काय चारतेस गं त्यांना?"

"डॉक्टरांनी दिलंय तेच, आई. आत्ताच्या आत्ता इस्पितळात नेऊ या."

"घाई बरी तुला!"

तेवढ्यात ह्यांच्या डाव्या हातातून कापड सुटलं आणि ह्यांना पत्ताही नाही. मी चपला घातल्या. निघाले, पण गोळ्यांची पाकिटं बरोबर घेतली. चोर धरायचा तर मुद्देमाल हवा.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढवला. "मध्यंतरी डोक्याला काही लागलं होतं?"

"दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर लागलं होतं, महिना झाला. मी तर शटरला पोचा आला का ते बघितलं."

"तेव्हापासून कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलंय. मेंदू दाबला जातोय."

मी पाकिटं समोर आपटली. "आणि ह्या?"

"ह्या गोळ्यांनी रक्त पातळ राहतं. म्हणून थांबलं नाही."

"बघा!"

"गोळी बरोबरच होती, आजी. हृदयाला हवी होती. आता काही दिवस बंद."

सुनेनं ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणला. तिनं पेन माझ्यापुढं धरलं. "सही तुमचीच, आई."

"बरे होतील ना?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"बरेच जण होतात. पण ह्या वयात शब्द देत नाही. रक्त पुन्हाही साचू शकतं."

केली सही. कवटीला दोन भोकं पाडली. नळीतून काळपट रक्त आलं, शिलाई मशीनच्या जुन्या तेलासारखं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले, दोन्ही हातांनी पांघरूण ओढलं आणि विचारलं, "डावी बाही सापडली का?"

हे आता पुन्हा कापायला बसतात. कापलेल्या बाह्या आधी मी तपासते, मग सून. हे चिडतात, "अगं, आयुष्यात एकदाच चुकलो!"

"एकदाच चुकलात तर डोक्याला भोकं पडली," मी म्हणते. "दाखवा इकडं."