बाजेखालची शेगडी

आमच्या घरात कूलर एकच. तो पुढच्या खोलीत, कारण सुदर्शनदादा कंपनीत रातपाळी करून येतो आन् दिवसा झोपतो. मे महिना, पत्र्याचं घर. चितेगावला दुपारी रस्त्यावर कुत्रंबी दिसत नव्हतं. मी कूलरपुढं पडून मोबाईल बघत होते. मागच्या खोलीत वहिनी बाळंत होऊन आठवा दिवस.

वहिनीचं नाव मंजुषा. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असून आमच्याकडंच. आईनं सगळं रीतीनं केलं. खिडकीला पोतं ठोकलं, पंखा बंद, वहिनीच्या कानाला गच्च फडकं. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वरून ओवा-शेपाची धुरी. पाणी मागितलं तर उकळलेलं, तेबी दोन घोट. जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं, वारं लागलं तर बाई जन्माची दुखणेकरी होते, असं आईचं म्हणणं. शेगडी भरायचं काम माझं.

मला राग लवकर येतो. नववीत सरांशी भांडून शाळा सोडली. घरात भाकरी जाड झाली तरी मी भांडते. पण त्या खोलीत गोवऱ्या घालताना माझंच डोकं गरगरायचं, मी पळत बाहेर यायचे, आन् कुणाला काय म्हणायचे नाय.

सहाव्या दिवशी सरकारी दवाखान्याची आशा सेविका आली, रूपालीताई. आत वाकून बघितलं आन् आईला म्हणली, मावशी, आधी ही शेगडी काढा, पोरीला पोटभर पाणी द्या. आई म्हणली, मलाबी असंच ठेवलं होतं, मी मेले का?

"तवा तुमचं घर मातीचं होतं मावशी," रूपालीताई म्हणली. "आन् ऊनबी असलं नव्हतं. आता दरसाली वाढतंय. रीत तीच राहिली, उन्हाळा तो नाय राहिला."

आई शेगडी ओढायला वाकली होती. खरंच वाकली होती. पण जाता जाता ताई मला म्हणली, शाळेत परत नाव टाक की गं. झालं, माझं टाळकं सरकलं. मी म्हणलं, तुमी तुमचं रजिस्टर भरा आन् निघा, आमच्या घरात नाक खुपसू नका. ताई गेली. आईनं शेगडी तशीच ठेवली. मला त्या वेळी लई भारी वाटलं.

तर आठवा दिवस. दुपारी निखारे घेऊन गेले तवा वहिनी हळूच म्हणली, "प्रेरणाताई, दार जरा उघडं ठेवता का? कूलरचं वारं येईल. आईंना नका सांगू."

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी बाई मला अहो-जाहो करून वारं मागत होती. मी म्हणलं, आई मारंल मला. आन् दार लावून घेतलं. खरं कारण ते नव्हतं. दार उघडं ठेवलं की माझ्या अंगावरचा गारवा कमी होत होता.

तासाभरानं बाळ रडायला लागलं, थांबेना. आत गेले तर वहिनी त्याच्याकडं बघतबी नव्हती. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाय, मेलेल्या आईशी कायतरी बोलत होती. आई म्हणली ताप भरला, बाहेरचं लागलं. मीठ-मिरच्या उतरवल्या, वरून गोधडी टाकली. गोधडी मी आणून दिली. झटके यायला लागले तवा कुठं दादाला उठवलं.

सरकारी दवाखान्यात वहिनीला ओल्या चादरीत गुंडाळलं, काखेत बर्फ ठेवला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरात काय पेटवलं होतं का? आई फरशीकडं बघत राहिली. मी म्हणलं, काय नाय.

संध्याकाळी वहिनी गेली.

सगळ्यांना सांगितलं, ताप डोक्यात गेला. कुणी नजर म्हणलं, कुणी नशीब म्हणलं. बाळाला बाटलीनं दूध पाजत मीबी तेच सांगत होते.

तेराव्याला गल्लीतल्या बाया बसल्या होत्या. चार घरं पलीकडची करुणा होती, आठवा महिना लागलेली, पदरानं सारखं तोंड पुसत. तिची सासू आईला सांगत होती की आमी गोवऱ्या आत्ताच भरून ठेवल्या, ऐन वेळी पळापळ नको. आईनं हो म्हणून मान हलवली. नुसती मान हलवली.

"त्या गोवऱ्या पेटवू नका," मी म्हणलं. "वहिनीला नजर लागली नव्हती. आमी तिला भाजलं. शेगडी मी भरत होते. डॉक्टरीणबाईनं विचारलं तवा मी खोटं बोलले."

आई उठून माझ्या दंडाला धरून ओढायला लागली. दादा दारात उभा होता, तो तिथंच खाली बसला.

करुणाची सासू हसली. "नववीतून पळालेली पोरगी आता आमाला बाळंतपण शिकवणार व्हय?"

"नाय," मी म्हणलं. "बाळंतपण मला नाय येत. बाळंतीण कशी मरते तेवढं येतं. माझ्या हातानं मेलीय. ऐकून घ्या."

कुणी हो म्हणलं नाय. करुणा तेवढी, पोटाला हात लावून, बसल्या जागेवरून माझ्याकडं सरकली.