येफेतच्या गव्हाखालचं गोब

मार्चमधल्या एका सकाळी येफेत आपल्या शेतावर गेला, तेव्हा बांधावर पांढऱ्या केसांची एक बाई दगड चाटत होती. चार पावलांवर एक लांबुडका म्हातारा गव्हात पालथा पडलेला होता. येफेतला वाटलं, दोघांना ऊन लागलं. पण ऊन अजून टेकडीच्या अलीकडे आलंच नव्हतं.

“बाई, भूक लागली असेल तर घरी चला,” तो जपूनच म्हणाला. “बायकोने लहूह टाकलेत तव्यावर, आमचे येमेनी घावन. दगडापेक्षा मऊ असतात.”

“खडू आहे!” बाईने दगड त्याच्यापुढे नाचवला. “बघा, जिभेला चिकटतो. वर कठीण कवच आणि खाली खडू. ऐकलंस का रे, एल्काना?”

“ऐकतोय,” गव्हातून आवाज आला. “पानं मोजतोय मी, तिर्झा. आता पहिल्यापासून मोजावी लागणार.”

लहूहचा तिसरा घास पोटात गेल्यावर सगळा उलगडा झाला. तिर्झाबाई भूगर्भशास्त्राच्या. एल्काना त्यांचा नवरा; त्याचा जन्म गव्हावर संशोधन करण्यात गेला होता. दोघंही सत्तरीच्या पुढची. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, ही दोघं गोब शोधत होती.

“कोण गोब?” येफेतच्या बायकोने, बद्राने विचारलं.

“गाव आहे. होतं,” तिर्झाबाई म्हणाल्या. “धर्मग्रंथात उण्यापुऱ्या दोन ओळींत आलंय. राजाच्या शिपायांनी तिथे पलिष्टी नावाच्या शत्रूंशी दोनदा लढाई केली, ताडमाड गडी लोळवले. पुढे त्या गावाचं कुणी नावही घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणी हीच लढाई सांगितलीय, तर तिथे भलत्याच गावाचं नाव!”

“म्हणजे लिहिणाऱ्यालाच पत्ता ठाऊक नव्हता,” बद्रा म्हणाली.

“पण आम्हाला आहे. गोब म्हणजे खड्डा, पाण्याचा हौद. हौद खणायचा तर खाली मऊ दगड लागतो आणि वर छत म्हणून कठीण कवच. असा दगड या खोऱ्यात कुठे कुठे आहे, त्याचा नकाशा मी केला.”

“आणि मी गव्हाचा केला,” एल्कानाने पुढचा लहूह ओढून घेतला. “खाली भिंत असली की वर माती पातळ, माती पातळ की ओल कमी, आणि ओल कमी की गहू वेळेआधी पिवळा. हिचा नकाशा माझ्या नकाशावर ठेवला. सबंध खोऱ्यात एकच जागा जुळली. तुझी.”

येफेतने बद्राकडे पाहिलं. शेतातल्या त्या फिकट रेघा त्याला तीस वर्षं ठाऊक होत्या. आधी त्याने बियाण्याला शिव्या घातल्या, मग हवामानाला. शेवटी सगळं खापर मेहुण्याच्या, सादियाच्या माथी फोडलं, कारण पेरणीयंत्र सादियाचं होतं. त्यावरून दोघं एकदा सबंध पावसाळाभर बोलत नव्हते.

“रोग असेल,” तो म्हणाला.

“रोग इतका सरळ चालत नाही आणि काटकोनात वळतही नाही,” एल्काना म्हणाला. “मे महिन्यात गहू पिकायला लागला की रेघा लख्ख दिसतील. समोरच्या टेकडीवरून फोटो काढू, मग परवानगी घेऊन एक छोटा चर. तुझी हरकत नाही ना?”

“बघू की,” येफेत म्हणाला. हरकत आहे हे सांगण्याची त्याची ही जुनी रीत होती. बद्राला ती कळायची, पाहुण्यांना कळली नाही. दोघं खुशीत निघून गेली.

संध्याकाळी सादिया आला आणि सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

“दाजी, बुडालात तुम्ही.”

“का रे?”

“उत्तरेकडे एका माणसाने खुराड्यासाठी खड्डा घेतला. खाली निघाली जुनी रंगीत फरशी. आज त्या फरशीवर सरकारचं छान छप्पर आहे आणि त्याच्या कोंबड्या न्हाणीघरात झोपतात.”

“कोण हा माणूस?”

“नाव नाही ठाऊक. पण कोंबड्यांचं खरं आहे.”

येफेतला त्या दिवसापासून झोप येईना. बावीस दुनमांचं, म्हणजे जेमतेम साडेपाच एकरांचं शेत. बापाने येमेनहून आल्यावर दगड वेचून वेचून ते उभं केलेलं. डोळे मिटले की त्यात सुतळ्या बांधलेल्या दिसायच्या, ब्रश घेऊन बसलेली पोरं दिसायची, आणि मधोमध एक ताडमाड पलिष्टी दिसायचा, तोही न्हाणीघराची वाट विचारत.

चौथ्या दिवशी त्याला तोड सुचली. रेघा पिवळ्या पडतात त्या पाणी आणि खत कमी पडतं म्हणून. मग दिलं की झालं! रेघाच राहिल्या नाहीत तर गोब कुठून राहणार?

दिवसाआड दुपारी बद्रा आडवी झाली की तो बदामाच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या काढायचा, खांद्यावर टाकून शेतात न्यायचा आणि फिकट रेघांवर बरोब्बर अंथरायचा. युरियाची पोती एकचाकी गाड्यावर. गुडघ्यांवर रांगत त्याने एकही काटकोन सोडला नाही. एका जागी रेघ तुटून दोन हात पुढे सुरू होत होती. तिथे त्याने नळीही तशीच तोडून लावली. तीस वर्षांत शेतात एवढं नेमकं काम त्याने केलं नव्हतं. पंधरवड्यात रेघा हिरव्या झाल्या, महिन्याने शेजारच्या गव्हात मिसळून गेल्या. येफेत शीळ घालत घरी येऊ लागला.

“बदाम का सुकलेत?” बद्राने एकदा विचारलं.

“म्हातारे झालेत,” तो म्हणाला.

मग मे उजाडला. शेवटचा पाऊस होऊन महिना उलटलेला. चार दिवस वाळवंटाकडून गरम वारा सुटला आणि सबंध खोऱ्यातला गहू एकदम सोन्यासारखा पिकला. येफेतचाही पिकला. फक्त रेघा पिकल्या नाहीत. युरिया पिऊन आणि ठिबकचं पाणी ओढून त्या गर्द हिरव्या उभ्या राहिल्या, बाकीच्या गव्हापेक्षा वीतभर उंच.

शेतात उभं राहून ते तितकंसं जाणवत नव्हतं. एका शुक्रवारी सकाळी तिर्झाबाई आणि एल्काना आले आणि येफेतलाही टेकडीवर घेऊन गेले. वर पोचून त्याने मागे वळून पाहिलं.

पिवळ्या शेतावर कुणी हिरव्या शाईने गावाचा नकाशा काढावा तसं दिसत होतं. बाहेरचा तट. आत खोल्या, गल्ली. आणि जिथे त्याने नळी तोडून लावली होती, तिथे वेशीचा दरवाजा.

“अगं आई!” तिर्झाबाई मटकन खाली बसल्या. “दरवाजासुद्धा आहे!”

एल्कानाने दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. त्याचा चेहरा पडत चालला होता.

“हिरवं आहे,” तो शेवटी म्हणाला.

“दिसतंय मला.”

“तिर्झा, हिरवं! भिंतीवर पिवळा पडतो गहू. हिरवा राहतो तो बुजलेल्या चरावर, जिथे माती खोल असते. या भिंती नाहीत. हे पाट आहेत. कुणीतरी कधीतरी खणलेले पाण्याचे पाट.”

“दरवाजा असलेले पाट?”

“माझं गणित चुकलं. मार्चमध्ये मी पिवळं पाहिलं ते चुकीचं पाहिलं. म्हणजे आधीच्या सगळ्या नकाशांवरही भरवसा ठेवता येत नाही.”

येफेतने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. गोब टळलं होतं, तेही तज्ज्ञाच्याच तोंडून. आता गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं.

पण बद्रा मध्ये पडली. शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, तोंडावर आलेला, माणूस असा खचलेला. तिने दोघांना ठेवूनच घेतलं. रात्रभर मंद आचेवर ठेवलेलं जख्नून, पोळीच्या जाड वळकट्या, सकाळी टेबलावर आलं, तपकिरी, लोण्याने निथळणारं. सोबत किसलेला टोमॅटो आणि हिरव्या मिरचीची झणझणीत स्खूग. सादियाही आला होता. त्याने तिसरं जख्नून घेतलं तरी एल्कानाचं पहिलं तसंच होतं.

“खा ना,” बद्रा म्हणाली.

“चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं,” एल्काना ताटाकडे बघत म्हणाला. “सगळ्यांना पत्र लिहायला हवं. चुकीचं शिकवलं म्हणून.”

तिर्झाबाईंनी हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. एरवी दिवसभर नवऱ्याशी वाद घालणारी ही बाई कालपासून त्याच्याशी एका शब्दाने भांडली नव्हती. येफेतला ते बघवेना. भांडण बंद झालेलं घर म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा बद्रानेही आठवडाभर त्याला एक टोमणा मारला नव्हता.

तो पाणी प्यायला. पुन्हा प्यायला.

“युरिया,” तो म्हणाला.

“स्खूग हवी का?” बद्राने विचारलं.

“युरिया घातला मी. रेघांवर. ठिबकही लावलं. रेघा पिवळ्याच होत्या, साहेब. तीस वर्षं पिवळ्याच आहेत. तुम्ही बरोबर पाहिलंत.”

बद्राने सावकाश मान वळवली.

“बदाम म्हातारे झालेत, नाही का?”

“अगं, ते...”

“आणि तूही गप्प बसलास, सादिया? कोंबड्यांची गोष्ट तुझीच असणार.”

“मी फक्त कोंबड्यांचं सांगितलं,” सादियाने डोळे ताटातून वर केले नाहीत.

येफेत मात्र एल्कानाकडे बघत होता. म्हातारा उठला, टेबलाला वळसा घालून आला. आता कानाखाली बसणार म्हणून येफेतने डोळे मिटले. एल्कानाने त्याला कवटाळून दोन्ही गालांवर मुके घेतले.

“किती?” त्याने विचारलं.

“काय किती?”

“युरिया! दुनमाला किती किलो? पाणी किती? किती दिवसांनी? अरे माणसा, गाडलेल्या भिंतीवर असा प्रयोग जगात कुणी केला नसेल! कोण वेडा करील?”

“एकतीस किलो,” येफेत ओशाळून म्हणाला. “पाणी दुपारी पाऊण तास, दिवसाआड.”

एल्कानाने खिशातून पेन काढलं. बद्राने नुसता हात वर केला. तिच्या घरात शब्बाथला कुणी अक्षर लिहीत नसे.

“मग मी विसरलो तर?”

“पाठ करा.”

म्हणून म्हाताऱ्याने एका दमात दोन जख्नून खाल्ली आणि दिवसभर “एकतीस किलो, पाऊण तास, दिवसाआड” म्हणत अंगणात फेऱ्या मारल्या. मध्येच तिर्झाबाई “एकवीस ना रे?” म्हणायच्या आणि तो किंचाळायचा. त्यांचं जमलं होतं पुन्हा. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपताच तो पेनावर तुटून पडला.

गहू काढल्यावर परवानगी आली. चर अगदी लहान होता, दोन खाटा मावतील एवढा. येफेत पहिल्या दिवशी हाताची घडी घालून लांब उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सावलीसाठी ताडपत्री आणली. तिसऱ्या दिवशी तो चरातच होता आणि खणणाऱ्या मुलांना कुदळ कशी धरायची ते शिकवत होता.

हातभर मातीखाली भिंत लागली, मोठमोठ्या ओबडधोबड दगडांची. भिंतीला लागून तिर्झाबाईंचा हौद निघाला. वर कठीण कवच, खाली खडूत कोरलेलं घड्यासारखं पोट. त्या इतक्या जोरात ओरडल्या की सादिया शेजारच्या शेतातून धावत आला. हौदाच्या तळाशी पाणी नव्हतं, जळालेलं धान्य होतं. कधीतरी गावाला आग लागली असावी.

एल्कानाने काळे दाणे बशीत पसरले आणि चिमट्याने वेगळे करू लागला. गहू, गहू, गहू, मग एक बारीक, चपटा दाणा.

“दाखवा बरं,” येफेत वाकला. तो बराच वेळ बघत राहिला. “अहो, हे तर झोनिन! गव्हातलं ते विषारी गवत. दरवर्षी उपटतो मी, पाठ मोडते. पेरताना चाळलं नाही की हमखास येतं.”

“इथल्या माणसानेही चाळलं नव्हतं,” एल्काना म्हणाला. “तीन हजार वर्षं झाली असतील.”

“आळशी लेकाचा!” येफेत म्हणाला. पण आवाजात राग नव्हता. बशी हातात घेऊन तो बांधावर जाऊन बसला, आणि बद्रा जेवायला हाका मारत होती तरी उठला नाही. ज्या माणसाच्या भीतीने त्याची झोप उडाली होती, तो ताडमाड नव्हता, पलिष्टी होता की नाही तेही ठाऊक नव्हतं. त्यालाही बहुधा एक मेहुणा होता, आणि तण उगवलं की तो त्याच्यावर खेकसत असणार.

अहवाल शरद ऋतूत आला. तिर्झाबाईंनी तो स्वतः वाचून दाखवला. जुनी तटबंदीची वस्ती, धान्य, आग. नाव अनिश्चित.

“अनिश्चित म्हणजे?” येफेत उसळला. “हौद आहे! खडू आहे! रेघा आहेत!”

“नाव लिहिलेलं खापर कुठाय?”

“मग काय त्यांनी दारावर पाटी लावायची होती?”

“मी साठ टक्के म्हणते,” तिर्झाबाई म्हणाल्या.

“मी ऐंशी,” एल्काना म्हणाला.

“तुझ्या ऐंशीतले वीस युरियाचे आहेत.”

“शंभर!” येफेत टेबलावर हात आपटून म्हणाला. “आणि ज्याला पटत नसेल त्याने माझ्या शेतातून चालतं व्हावं.”

चर बुजवून झाला, शेत त्याचं त्याच्याकडेच राहिलं. पहिला पाऊस पडून वाफसा आल्यावर त्याने पुन्हा गहू पेरला. बियाणं या वेळी तीनदा चाळून घेतलं आणि पेरणीयंत्र सादियाचंच वापरलं. त्याच आठवड्यात तिर्झाबाईंनी चौकशीला फोन केला. बद्राने उचलला.

“येफेत आहे का घरात?”

“छे हो,” बद्रा पीठ मळता मळता म्हणाली. “सकाळीच गोबला गेलाय. जेवायला येईल.”

तिर्झाबाईंनी फोन हाताने झाकला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून एल्कानाला हाक मारली, “ऐकलंस का रे? येफेत गोबला गेलाय!”