धाकट्या साडूसाठी सगळ्यात वाईट कॅमेरा

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतला अकरा वर्षांचा जुना फोटो शेवटी उतरला आणि त्याच खिळ्यावर धाकट्या साडूनं काढलेला फोटो लागला.

असं काहीही झालेलं नाही. थोरल्या जावयानं तसं स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि ज्याच्या पोटात दुखतं त्याचाच शब्द धरायचा असतो. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

थोरला जावई नळांचे फोटो काढायचा. म्हणजे पोटापाण्याचा धंदाच तो. कारखान्यात तोट्या, शॉवर, वॉश बेसिनचे नळ असला माल बनायचा आणि त्याच्या कॅटलॉगचे फोटो हा काढायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण चकचकीत नळासमोर कॅमेरा धरला की नळात आधी फोटोग्राफरच दिसतो. पोट हंड्याएवढं, डोकं लिंबाएवढं आणि हातात एक काळा ठोकळा. म्हणून नळाभोवती पांढऱ्या पुठ्ठ्यांची खोली उभारायची, पुठ्ठ्याला भोक पाडायचं, भोकातून फक्त लेन्स आत सोडायची आणि आपण मागे श्वास रोखून उभं राहायचं. अकरा वर्षांत त्यानं नऊशे नळ टिपले. एकातही तो स्वतः नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि या अभिमानाबद्दल आजवर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

सासरी मात्र वेगळी अडचण होती. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली तोटी ठिबकायची.

"जावईबापू, ही तुमच्याच कारखान्यातली ना?"

"हो आई. पान चौदा, वरून दुसरी."

यापुढे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. मग धाकटा यायचा, पान्हा फिरवायचा, वॉशर बदलायचा आणि हात पुसत म्हणायचा, "झालं, आई." धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. ज्याला आठव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट खाली आणता येते त्याला तोटी काय जड. त्यामुळे त्या घरात धाकट्याच्या नावावर ती तोटी, दोन पंखे, जिन्यातला दिवा आणि बाबांचं कानातलं मशीन अशी भक्कम मालमत्ता जमली होती. थोरल्याच्या नावावर एकच गोष्ट होती. सोफ्याच्या वरचा फोटो.

त्या फोटोत सासरे आणि सासूबाई शेजारी शेजारी बसले होते. उजेड डावीकडून, हनुवट्या समपातळीत, पडद्याच्या घड्यासुद्धा एकसारख्या. सासऱ्यांचा चेहरा असा, की समोर कोणीतरी त्यांचा रक्ताचा रिपोर्ट मोठ्यानं वाचतंय आणि अजून साखरेचा आकडा यायचाय. पण येणारा-जाणारा थबकायचा. "थोरल्या जावयानं काढलाय," सासरे सांगायचे. वर्षातून चारपाच वेळा उच्चारल्या जाणाऱ्या या तीन शब्दांवर थोरला उभा होता.

अशात एका रविवारी धाकटा त्याच्या शेजारी येऊन बसला.

"दादा, कॅमेरा घ्यावा म्हणतोय."

"मोबाईल आहे की तुझ्याकडे."

"खोलीतल्या उजेडात बाबांचा चेहरा खडूसारखा येतो त्यात. मला तो छोटा हवाय, खिशात मावेल असा, पण आतून फुल-फ्रेम. तुम्ही सांगाल तो घेणार. अगदी डोळे मिटून."

थोरल्याला उचकी लागली.

फुल-फ्रेम म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा तुकडा मोठा असणं. तो मोठा असला की अंधुक खोलीतही माणूस माणसासारखा दिसतो. थोरल्याच्या कॅमेऱ्यात हा तुकडा छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा होता. आणि या नव्या छोट्या, आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांतही तो छत्तीस बाय चोवीसच असतो, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. ही गोष्ट थोरल्याला माहीत होती आणि सासरच्या कोणालाच माहीत नव्हती. तिथे सगळ्यांचा समज असा, की फोटो चांगला येतो तो बॅग मोठी असल्यामुळे.

"अभ्यास करावा लागेल," तो म्हणाला. "तीन आठवडे दे."

त्यानं खरोखरच अभ्यास केला. रकाने आखले. एका रकान्यात वजन, एकात बॅटरी, एकात कार्डाच्या खाचा किती, एकात हातात बसतो कसा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला कॅमेरा लेन्ससकट ठेवला, तर काट्यानं आकडा दाखवायचंच नाकारलं. मग वेगवेगळं तोलून बेरीज केली. एक किलो आठशे. नव्या छोट्यांपैकी सगळ्यात हलका लेन्स धरून चारशे नव्वद. चारशे नव्वद म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून त्यानं दोन बटाटे निवडून काढले आणि ते खिशात घालून घरभर फिरला.

"अहो, काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"तुझ्या मेव्हण्याचा कॅमेरा."

"मग कॅमेराच घाला की खिशात. ते बटाटे आज भाजीत जाणार आहेत."

रकाने भरत गेले तसे दोन कॅमेरे उरले. पहिला शहाणा होता. लहानच, पण पकडायला पुढे उंचवटा, डोळा लावून बघायला वर काचेची खिडकी, दोन कार्डं, हात हलला तरी सावरून घेणारी सोय, लेन्स बदलता येणारी. तोटा एकच, की चांगली लेन्स लावली की लहानपणा संपला. पुढे एवढं मोठं नाक आलं, की खिसा सोडाच, पिशवीतही मावत नव्हता.

दुसरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. उंचवटा नाही. डोळा लावायची खिडकी नाहीच, फक्त मागे पडदा, तोही उन्हात फिका. लेन्स एकच, कायमची चिकटवलेली, लांबचं जवळ ओढून आणणार नाही. कार्ड एक. बॅटरी तर अशी, की अडीचतीनशे फोटोंत मान टाकते. थोरल्यानं तो रकाना पुन्हा पुन्हा वाचला. इतक्या गैरसोयी एकाच वस्तूत, तेही इतक्या कमी वजनात, त्यानं यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. त्याच्या मनाला खूप दिवसांनी गारवा वाटला.

"हा," त्यानं धाकट्याला सांगितलं.

"हा? खिडकी नाही याला."

"तुला लिफ्टच्या शाफ्टमध्ये खिडकी असते का?"

"नाही."

"मग. लेन्स बदलायचा डोक्याला ताप नाही. एकच कार्ड, म्हणजे हरवलं तर एकच हरवणार. बॅटरी लवकर संपते, माणूस वेळेवर जेवायला येतो."

तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता, हे नोंदवून ठेवायला हवं. धाकट्याचे डोळे भरून आले. "दादा, सख्खा भाऊ इतका विचार करत नाही हो."

त्या दिवशी थोरला दोन घास जास्त जेवला.

मग सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. सगळे जमले. थोरल्यानं बॅग उघडली. बॅगेच्या चेनचा आवाज झाला आणि पलीकडच्या खोलीत सासऱ्यांनी आपोआप श्वास आत घेतला. अकरा वर्षांची सवय. कानातलं मशीन काढून ठेवलेलं असलं तरी हा आवाज त्यांना ऐकू यायचा.

"बाबा, हनुवटी थोडी खाली. आणखी. आणखी नको."

"आता?"

"आता श्वास सोडलात तरी चालेल."

"मग चेहरा बिघडतो," सासरे ओठ न हलवता म्हणाले.

धाकटा कुठे होता? तो कोपऱ्यात, जमिनीवर, मांडी घालून बसला होता. साबणाची वडी मांडीवर. डोळा लावायची खिडकीच नसल्यामुळे त्याचं तोंड झाकलं जात नव्हतं, म्हणून तो फोटो काढता काढता गप्पाही मारत होता. लेन्स लांबचं ओढत नव्हती, म्हणून सरकत सरकत बाबांच्या गुडघ्यापर्यंत पोचला होता. पकडायला उंचवटा नव्हता, म्हणून तळहातावर असा ठेवला होता, की फोटो काढतोय की हात भाजलाय ते कळू नये. लिफ्टच्या शाफ्टमध्ये वीतभर जागेत वाकून काम करणाऱ्याला ही सगळी ऐसपैस चैनच होती.

"बाबा, परवा एका इमारतीत सोसायटीचे अध्यक्ष अडकले लिफ्टमध्ये," धाकटा सांगत होता. "आतून ओरडतायत, मी कोण आहे माहितेय का? मी म्हटलं, साहेब, आधी कितव्या मजल्यावर आहात ते सांगा, मग कोण आहात ते बघू."

आणि सासरे हसले. पोट हललं, दात दिसले, वरचा एक सोन्याचा होता हे घरातल्या अर्ध्या लोकांना त्या दिवशी कळलं. आवाज न करता कॅमेऱ्यानं आपलं काम केलं. शंभर फोटो, दीडशे, अडीचशे. मग बॅटरीनं मान टाकली आणि धाकटा कॅमेरा ठेवून वेळेवर जेवायला बसला.

थोरल्यानं ताट बाजूला सरकवलं. आपण शोधून, तोलून, रकाने आखून निवडलेला सगळ्यात वाईट कॅमेरा त्याच्या डोळ्यांदेखत एकेक गैरसोय वटवत होता. शहाणा कॅमेरा सांगितला असता, तर धाकटा आत्ता त्या मोठ्या नाकासकट खिडकीला डोळा लावून बसला असता आणि बाबांनी श्वास रोखला असता. सगळं सुरळीत झालं असतं.

जेवणं झाल्यावर बायको त्याला शोधत स्वयंपाकघरात आली. तो तोटीपाशी पाठमोरा उभा होता. हातात धाकट्याची ती साबणाची वडी. अंगठा तिच्या कडेवरून हळूहळू फिरत होता.

"आवडला ना?"

"छे. पकडच नाही याला. हातातून निसटेल एक दिवस."

"मग द्या इकडे, मी ठेवते."

त्यानं दिला नाही.

"अहो, द्या की."

"बघतोय जरा, किती वाईट आहे ते."

बायकोनं पाण्याचा तांब्या भरला. एवढी वर्षं संसार केलेली माणसं अशा वेळी तांब्या भरतात.

पुढच्या रविवारी जे झालं नाही ते असं झालं नाही. सासऱ्यांनी स्टूल मागवलं नाही. धाकट्यानं ते धरलं नाही. सासूबाई "आता हाच राहू दे गं कायमचा" असं धाकट्या मुलीला म्हणाल्या नाहीत. जुना फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून, "जपून ठेवायचा हां, चांगला आहे तो" असं म्हणत कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे ठेवला गेला नाही. आणि हे सगळं होत नसताना थोरला सोफ्यावर बसून चहा पीत नव्हता.

पण जो फोटो लागला नाही, त्याच्याबद्दल मात्र बोलावं लागेल. मधोमध सासरे हसतायत, सोन्याच्या दातासकट. सासूबाई त्यांच्याकडे बघतायत, जरा लाजून. आणि डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत, थोरला. गळ्यात एक किलो आठशे. मान पुढे, जबडा आवळलेला, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे थेट कॅमेऱ्यावर. नऊशे नळांत जो माणूस एकदाही सापडला नव्हता, तो इथे डोळ्यांखालच्या सुरकुतीसह स्वच्छ टिपला गेला होता. छत्तीस बाय चोवीसचा हाच तर फायदा असतो, बारकावे सुटत नाहीत. जळफळाट इतक्या चांगल्या उजेडात सहसा मिळत नाही.

"दादा, तुम्ही किती मायेनं बघताय माझ्याकडे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज कापरा झाला होता. "म्हणूनच हा निवडला मी. दुसऱ्या फोटोत बाबा जास्त हसलेत, पण त्यात तुम्ही नाही."

"कापता येईल की तेवढी कड," थोरला म्हणाला.

"वेडे का काय? तुम्हाला कापायचं?"

सासऱ्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. "जावई असावा तर असा," ते म्हणाले. "दुसऱ्याचं कौतुक कसं करावं ते याच्या चेहऱ्यावरून शिकावं."

आता येणारा-जाणारा थबकतो. सासरे सांगतात, "धाकट्या जावयानं काढलाय." मग बोट डाव्या कडेकडे नेतात. "आणि कॅमेरा थोरल्यानं निवडून दिलाय, बरं का." पाहुणे माना डोलावतात. ही स्तुती वर्षातून चारपाच वेळा होईल. भिंत पक्की आहे, खिळाही पक्का आहे, धाकट्यानंच पुन्हा ठोकून बसवलेला.

थोरल्यानं घरी येऊन हातपाय धुतले, कोरा कागद घेतला आणि कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. बायकोनं ते वाचलं आणि पाकिटाला स्वतःच तिकीट लावलं.

"प्रति, मा. व्यवस्थापक, उत्पादन विभाग. विषय : आपल्या लहान आकाराच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सुधारणा करणेबाबत. महोदय, उपरोक्त कॅमेरा हलका, शांत व वापरण्यास सोपा असल्याने अनेक कुटुंबांतील जुनी व्यवस्था बिघडत असल्याचे खाली सही करणाऱ्याच्या निदर्शनास आले आहे. तरी विनंती की, पुढील मॉडेलचे वजन किमान एक किलो तीनशे ग्रॅमने वाढवण्यात यावे. कॅमेरा सुरू करताच बॅगेची चेन उघडल्यासारखा आवाज व्हावा, जेणेकरून वयस्कर मंडळींना श्वास रोखण्यास पुरेसा अवधी मिळेल. फोटो काढणाऱ्याचे तोंड संपूर्ण झाकले जाईल अशी सोय करण्यात यावी. तसेच यापूर्वी विक्री झालेले सर्व कॅमेरे विनाविलंब परत मागवण्यात यावेत. सर्व शक्य नसल्यास, निदान एक. पत्ता सोबत जोडला आहे. कळावे."